दांडी डाव्या हाताला होती

चूक माझी होती, आणि ती मी माझ्या आजारी बहिणीच्या डोक्यावर टाकली. हे आधी लिहून टाकतो. शोभाताईबद्दल चांगलं लिहिण्यासारखं इतकं आहे, की एकदा तिकडे वळलो तर मी तिथेच रमेन आणि ही गोष्ट सोयीस्करपणे राहून जाईल. एका प्लायवूडच्या फळीला मी उलटी भोकं पाडली. ती उलटी पडली हे मला दिसलं होतं. तरीही तिनं, ‘हे उलटं आहे’ असं म्हटलं तेव्हा मी तिला सांगितलं, की तुलाच नीट आठवत नाही. एवढीच गोष्ट. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं... मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं, किंवा वाटून घेत होतो.

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेत प्रार्थना सुरू होती. मी भूगोल शिकवतो. भाऊजींचं नाव पडद्यावर दिसलं आणि मी वऱ्हांड्याच्या टोकाला गेलो. ते फक्त एवढंच म्हणाले, “विलासराव, या.” कामठी ओलांडून कन्हानच्या पुलावर गाडी आली तेव्हा लक्षात आलं, की मी हातात खडू तसाच धरून आहे. घरात माणसं जमलेली. समोरच्या खोलीत कोपऱ्यात आमचं मशीन उभं होतं. तिनं हट्टानं करवून घेतलेलं आणि मी जन्मात पहिल्यांदा ड्रिल हातात धरून बनवलेलं व्हिडिओ गेमचं जुन्या पद्धतीचं मशीन. कुणीतरी त्याच्यावर पांढरी चादर टाकली होती. दुसऱ्या दिवशी फोटो कुठे ठेवायचा असा प्रश्न आला, तर शेजारच्या बाईंनी तो सरळ त्या चादरीवर, बटनांच्या फळीवरच ठेवला. उंची बरोबर छातीएवढी होती. तेरवीपर्यंत येणारा प्रत्येक जण त्या फळीपुढे हात जोडून उभा राहिला. मीही राहिलो. चादरीखालची फळी उलटी आहे हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं, असं मी तेव्हा समजत होतो.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि जन्मापासून डावखुरी. बाबा गांधीबागेत एका कापडाच्या ठोक दुकानात कामाला होते. ते दिवसभर बाहेर, त्यामुळे तिचा डावा हात सुधारण्याचं काम आईकडे होतं. जेवताना डावा हात पुढे आला की आई लाटणं उचलायची. मारायची नाही, नुसतं उचलायची. शाळेत मात्र बाई मारत. हळदीकुंकवाला, कुणाला काही द्यायला, प्रसाद घ्यायला... प्रत्येक वेळी तिचा डावा हात आधी निघायचा, अर्ध्यात थांबायचा, आणि मग उजवा पुढे यायचा. ते अर्ध्यातलं थांबणं मी इतक्या वेळा पाहिलं होतं, की ते मी कुठेही ओळखलं असतं. दहावीनंतर तिनं सीताबर्डीला टायपिंगचा क्लास लावला. टायपिंगला दोन्ही हात सारखे, म्हणून तिला तो आवडला असावा. पण मोठी मुलगी एकटी बर्डीवर कशी जाणार? म्हणून माझी नेमणूक झाली. मी अर्धी चड्डी घालून तिच्या मागे मागे जायचो. संरक्षक!

त्या क्लासच्या खालच्या बोळात एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. अंधारी खोली, आत ओळीनं उभी मशीनं, धुराचा आणि घामाचा वास, आणि सगळीकडून निघणारे टूंटूं आवाज. मला आत जायचं होतं म्हणून तिनं एकदा नेलं. मी माझी पाळी लगेच घालवली. मग ती उभी राहिली... आणि तिथून पुढे मी नुसता बघत राहिलो. एक छोटं विमान खालून वर गोळ्या झाडतंय आणि वरून शत्रूंचे थवे उतरतायत, असा तो खेळ होता. प्रत्येक मशीनवर विमान हलवायची दांडी डावीकडे असायची आणि गोळ्या झाडायची बटनं उजवीकडे. तिचा डावा हात त्या दांडीवर बसला तो कुठेही अडखळला नाही. आमच्या मागे पोरं जमली. घरी परत येताना ती रस्त्यानं हसत होती.

“पाह्यलं का गा विल्या, सगळ्यायले डाव्यानंच चालवा लागते. तिथं मीच सुलटी, बाकी सारे उलटे!”

मग ते नेहमीचंच झालं. क्लास संपला की थोडा वेळ पार्लर. बसऐवजी पायी जाऊन वाचवलेली नाणी तिथं जायची. पोरं मागून ओरडायची, “ओ दीदी, अपना चान्स कब आयेगा?” आणि ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणायची, “मैं मरूंगी तब!” पोरं खिदळायची. खेळात तीन लाईफ मिळत. दोन ती खेळायची आणि तिसरं, शेवटचं, न चुकता मला द्यायची. “घे, जाळ एकदाचं,” म्हणून बाजूला व्हायची. मी ते जाळायचोच. घरी उशीर झाल्याचं कारण मीच सांगायचो, की सरांनी आज जास्तीचं पान टाईप करायला दिलं होतं. मी तिच्यासाठी छान खोटं बोलायचो. आईनं कधीच ओळखलं नाही.

मग ताईचं लग्न झालं, कन्हानला. भाऊजी कोळशाच्या खाणीत नोकरीला होते. पुढची वर्षं सगळ्यांच्या आयुष्यात जातात तशीच गेली. मुलगी झाली, शिकली, पुण्याला गेली. मी मास्तर झालो. भाऊजी निवृत्त झाले, आणि लगेच ताईचं दुखणं निघालं. किमो सुरू झाली. केस गेले तेव्हा ती फार बोलली नाही. पण काही महिन्यांनी एकदा ती दुधाखालचा गॅस बंद करायला विसरली, आणि मग भाचीचा फोन नंबर तिला सांगता येईना, तेव्हा मात्र ती घाबरली. डॉक्टर म्हणाले, औषधांनी होतं असं, थोडं धुकं येतं, जाईल. तिला ते पटलं नाही. “बाकी सारं जाऊ दे बापा, पण डोकं नको जाऊ देऊ,” असं ती मला म्हणाली होती. मी गेलो की ती स्वतःची परीक्षा घ्यायची. जुन्या घराला किती खिडक्या, आईच्या कोणत्या लुगड्याचा काठ कसा, आणि त्या पार्लरमध्ये दारातून आत गेलं की कोणतं मशीन कुठे. ते पार्लर तर ती डोळे मिटून सांगायची. तिथलं सगळं तिला लख्ख आठवत होतं. त्या आठवणीवर पाय ठेवून ती बाकीच्या गोष्टी शोधायला जायची.

मशीन बनवायचं खूळ तिथूनच आलं. फोनवर तिनं कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला.

“ते माशीन घरी बनवता येते म्हणे. तुले येते का?”

“मले कायचं येते वं ताई? मी साधा खिळा ठोकत नाही.”

“मंग शिक ना. मास्तर आहेस ना तू? का नुसतं दुसऱ्यायलेच शिकवतोस?”

आणि तिनं मला सगळं तोंडी सांगितलं. खोका कसा, पडदा मागे कसा झुकलेला, वर लाइटची पाटी, दांडी डाव्या हाताला, बटनं उजव्या हाताला. पाटीवर तुझं नाव टाकू का म्हटलं तर म्हणाली, “काही टाकू नको. नाव दिसलं का शेजारचे विचारत बसतात.”

मी खरंच शिकलो. लकडगंजातून प्लाय आणला, बर्डीवरून जुना मॉनिटर, आणि दांडी-बटनांचा संच मागवला. तळहातावर मावेल एवढा एक कॉम्प्युटर असतो, त्यात ते जुने खेळ चालतात. बटनांच्या वायरी एका पट्टीला जोडायच्या आणि ती पट्टी त्या कॉम्प्युटरला. ऐकायला सोपं आहे. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा दांडी वर केली की विमान खाली जायचं आणि गोळीचं बटन दाबलं की खेळच बंद पडायचा. गच्चीवर भुसा, घरभर वायरी. बायको म्हणायची, “सुतार बोलवा ना, बोट कापून घ्याल.” मी ऐकलं नाही. खोक्याच्या दोन बाजू सारख्या कापल्या जाईनात, म्हणून एक तासली, मग दुसरी तासली, असं करत खोका ठरल्यापेक्षा बुटका झाला. तरी मला अभिमान वाटत होता. शिक्षकांच्या खोलीत रोज फोटो दाखवायचो. सगळे म्हणायचे, वा, बहिणीसाठी! मला ते ऐकायला फार आवडत होतं. हेही सांगितलं पाहिजे.

सगळ्यात शेवटी बटनांची फळी उरली. तिच्यावर काळा चकचकीत सनमायका चिकटवला. सनमायका लावलेल्या बाजूनं भोक पाडलं तर कडा फुटतात, म्हणून मागच्या बाजूनं पाडायचं, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणून मी भोकांच्या खुणांचा कागद फळीच्या मागच्या बाजूला चिकटवला. पण कागद उलटा करून चिकटवायला हवा होता, तो मी सरळच चिकटवला. सगळी भोकं स्वच्छ पडली. फळी फिरवली, आणि दांडीचं भोक उजवीकडे. मी वर्गात मुलांना दर वर्षी बजावतो, की ट्रेसिंगचा कागद उलटला तर गुजरात पूर्वेला जातं... फळी घेऊन मी गच्चीवर तसाच बसून राहिलो. फिरवून बसवावी, तर बटनांची ओळ पोटाशी येत होती. सनमायका संपला होता. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि सोमवारी ताई पुन्हा दवाखान्यात भरती होणार होती. मी तिला रविवारचा शब्द दिला होता. मी विचार केला, इतक्या वर्षांनी कुणाला कळणार आहे? ही माझी पहिली चूक. त्या चुकीबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. चुका होतात.

रविवारी मालवाहू ऑटोत घालून मशीन कन्हानला नेलं. भाऊजी आणि शेजारच्या बाईंनी धरून आत आणलं. ताई तोंड धुऊन, चांगली साडी नेसून बसली होती, डोक्याला रुमाल. खेळ सुरू झाला, तो जुना टूंटूं आवाज आला आणि तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच ती पुढे झाली आणि दोन्ही हात फळीवर ठेवले. डावा हात बटनांवर पडला. तो उचलला गेला, आणि हवेत, अर्ध्यात, थांबला.

“विल्या, हे उलटं आहे.”

मी मागची वायर तपासल्यासारखं केलं.

“दांडी इकडे राहे. डाव्या हाताले. मी तुले सांगतलं होतं ना?”

भाऊजी माझ्याकडे बघत होते, शेजारच्या बाई बघत होत्या. मी थकलो होतो, घामेजलो होतो, आणि माझ्या हातून पहिल्यांदाच काहीतरी बनलं होतं. मी म्हणालो, “नाही वं ताई. साऱ्या माशिनी अशाच राहतात. तुले आता नीट आठवत नसंन.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी सांगतोय म्हणजे खरंच असणार, असं ते बघणं होतं. लहानपणापासून आम्ही दोघंच त्या गोष्टीचे साक्षीदार होतो.

“हाव का?”

“हाव.”

“मले तर पक्कं वाटत होतं गा...” म्हणाली, आणि तिनं उजवा हात दांडीवर ठेवला. तिचं विमान लगेच मेलं. ती हसली. “घे, जाळ तू,” म्हणाली. मी खेळलो. देवाशपथ सांगतो, मी खेळलो.

त्यानंतर तिच्या बोलण्यात एक फरक पडला. मी तो ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं. भाची आली की ताई बर्डीच्या गोष्टी सांगायला सुरुवात करायची आणि मध्येच थांबायची. “नाहीतर मामाले विचार. मले आता नक्की नाही आठवत.” घराच्या खिडक्या मोजणंही बंद झालं. मी घरी आलो आणि पुढच्याच आठवड्यात नवा सनमायका आणून दुसरी फळी बनवली, अगदी बरोबर, दांडी डावीकडे. ती फळी माझ्या कपाटामागे उभी होती. नेऊन बसवायला थोडाच वेळ लागला असता. पण ती नेणं म्हणजे मी खोटं बोललो हे सांगणं. दर रविवारी कन्हानला जाताना वाटायचं, आज नको, आज ती थकलेली असेल. कधी वाटायचं, आज ती बरी दिसतेय, कशाला उगाच. असे सगळे रविवार गेले आणि मग तो प्रार्थनेच्या वेळचा फोन आला.

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी मी ती फळी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो. भाऊजी एकटेच होते. फोटो आता भिंतीवर लावला होता, चादर काढली होती. मी फळी पिशवीतून काढली तर म्हणाले, “हे कायले? जुनी चांगली तर आहे.” मी म्हणालो, बदलायची आहे. “काहून?” मग मी त्यांना सांगितलं. कागदाचं, सनमायक्याचं, रविवारचं. सगळं. सांगताना मी फळीकडेच बघत होतो.

भाऊजींनी माझ्या हातातली फळी घेऊन खाली ठेवली. मग म्हणाले, “ती दोन दिवस जेवली नोती नीट. दवाखान्यात मले म्हणे, मी येवढं पक्कं सांगून राहिली होती आन् तेच चूक निघालं, तं बाकीच्याचा काय भरोसा? घरी आल्यावर कपाटाच्या किल्ल्या माह्या हातात देल्या. गोळ्या मले द्याले लावल्या. एकटी भाजीले जात होती, ते बंद केलं. मी तिले म्हटलं, विलासले सांग, फिरवून देईन. तं म्हणे नको, त्यानं येवढ्या हौसेनं बनवलं, आन् त्याचंच बरोबर आहे.”

मी म्हणालो, “भाऊजी, चुकलं माझं.”

“मले सांगून काय फायदा, विलासराव? तिले सांगाचं होतं.” आवाज चढवला नाही त्यांनी. मग ते उठून मशीनपुढे गेले. “पण खेळे ती. रोज दुपारी खेळे. पाहा, अशी खेळे,” म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात एकमेकांवरून आडवे टाकले. उजवा हात खालून डावीकडे, बटनांवर. डावा हात त्याच्या वरून उजवीकडे, दांडीवर. खाणीत काम केलेला तो दणकट माणूस स्वतःलाच मिठी मारल्यासारखा उभा होता. “मी हसलो तं म्हणे, डोक्याले काहीही आठवो, हाताले असंच आठवते. चांगली खेळे पण. मले तं एकदाही जिंकू नाही देलं.”

मला ते माहीत नव्हतं. मी असताना ती उजव्या हातानंच खेळायची, थोडंसं, माझ्या समाधानापुरतं.

भाऊजी चहा ठेवायला आत गेले. मी फळीजवळ वाकून पाहिलं. त्या काळ्या सनमायक्यावर अगदी मधोमध, जिथं सरळ उभं राहून खेळणाऱ्याचं मनगट कधी येतच नाही, तिथं बारीक, तिरप्या रेघा उमटल्या होत्या. बांगड्यांच्या. शेवटी तिचे हात इतके वाळले होते, की बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या आणि ती त्या पुन्हा खाली ओढायची. तो चकचकीतपणा तिथं पुरता गेला होता. मी बोट फिरवून पाहिलं. स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला आणि नवी फळी भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली.

मशीन सुरू केलं. हात आडवे टाकले. फार अवघड होतं. माझं पहिलं विमान गेलं, दुसरंही गेलं. तिसरं आलं तेव्हा मी हात काढून घेतले. आतून कपबशांचा आवाज येत होता, भाऊजींना ऐकू गेलं असणार, पण मी हळू बोललो नाही.

“ताई, तुह्यं बरोबर होतं. दांडी डाव्या हातालेच होती. उलटं मी केलं, मले दिसलं होतं, तरी तुले खोटं सांगतलं. तुले सगळं नीट आठवत होतं वं. माफ कर मले.”